चंदीवैरणीचा मुलूख

वऱ्हाड प्रांत निजामाच्या अंमलातून निघून कंपनी सरकारच्या ताब्यात गेला तो रणांगणावरील पराभवामुळे नव्हे. हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या पगाराची बाकी वर्षानुवर्षे तुंबत गेली, त्या बाकीपोटी आणि पुढील खर्चाची कायमची तजवीज म्हणून १८५३ च्या तहाने हा मुलूख कंपनीकडे लावून देण्यात आला, आणि त्या तहात फौजेची जी नेमणूक ठरली तीत पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि चार तोफखाने होते. हे कलम मास्तरांनी वर्गात शिकविले तेव्हा माझ्या सोबत्यांना त्यात राजकीय अन्याय दिसला, आणि तो होताच. मला मात्र दोन हजार घोडे दिसले. आमच्या मेहकर-चिखलीकडच्या काळ्या रानात राबणाऱ्या कुणब्याने पटवाऱ्याच्या हाती ठेवलेला शेतसारा अखेरीस कुठल्या तरी घोड्याच्या तोबऱ्यात हरभरा होऊन पडत होता, या कल्पनेने खिन्न व्हावे की हरखून जावे हे त्या वयात ठरविणे मला जड गेले नाही.

त्या घोडदळात शिलेदारीची जुनी पद्धत होती, म्हणजे घोडा स्वाराच्या मालकीचा आणि सरकारने दरमहा ठोक रक्कम द्यायची. पुढे १९०३ मध्ये ही फौज हिंदुस्थानी सैन्यात विरघळून गेली, तिच्या काही रिसाल्यांना ‘डेक्कन हॉर्स’ असे नाव मिळाले, आणि १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्सात सोमच्या लढाईत, यंत्रतोफांच्या त्या युगातही, त्यांतील २० वा डेक्कन हॉर्स भाले सरसावून हाय वुडच्या रोखाने चालून गेला. मेहकरच्या ओसरीवर बसून हे ऐकताना फ्रान्स नकाशात कोठे आहे याची मला चौकशी नव्हती. त्या घोड्यांना तिकडे कडबा मिळत असे की नाही, ही होती.

हे सांगण्याचे कारण असे, की माझे घोड्यांचे वेड हे केवळ एका पोराचे खूळ नसून मुलखाच्या पाणी-मातीतच ते मुरलेले असावे, असा माझा त्या काळी दृढ समज होता, आणि तो सोडण्यासारखे मला पुढेही काही आढळले नाही. आमच्या जिल्ह्याचे ठाणेच असे आडवळणी, की घोड्यावाचून गत्यंतर नव्हते. मुंबई-नागपूर आगगाडी जाते ती घाटाखालून, मलकापुरावरून. आणि कचेऱ्या, न्यायालय, कलेक्टरसाहेबांचा बंगला हे सारे वर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर, बुलढाण्यास. मलकापूर स्टेशनावर उतरलेला पक्षकार असो, वकील असो की नव्याने नेमणूक झालेला नायब तहसीलदार असो, त्याला राजूरचा घाट चढल्याशिवाय सरकारचे दर्शन घडत नसे. सर्व्हिस मोटारी सुरू झाल्यावरही हा रस्ता टांगेवाल्यांच्या हातून एकदम सुटला नाही. घाटाच्या चढावर उतारूंनी खाली उतरून चालायचे आणि टांगेवाल्याने लगाम धरून घोड्याच्या बाजूने, त्याच्याशी काहीबाही बोलत चालायचे, हा शिष्टाचार वकिलांनाही चुकत नसे. आणि फेटा सावरीत, धापा टाकीत चढणारे वकील व त्यांच्या पुढे रिकामा टांगा ओढणारे तट्टू यांत अधिक प्रतिष्ठित कोण, याविषयी माझ्या मनात संदेह नव्हता.

माझे वडील महसूल खात्यात फिरतीच्या नोकरीवर होते. हिवाळ्याचा दौरा लागला, की राहुटी, दप्तराची पेटी, दिवाबत्ती आणि स्वयंपाकाची भांडी बंडीत घालून ती पुढे रवाना व्हायची, आणि मागून वडील घोडीवर निघायचे. ही घोडी त्यांनी माळेगावच्या जत्रेतून आणविली होती. माळेगाव म्हणजे नांदेडकडचे, तेव्हाच्या मोगलाईतले. ज्या देवाचे वाहनच घोडा त्या खंडोबाची मार्गशीर्षातली ही जत्रा घोड्यांच्या आणि गाढवांच्या खरेदी-विक्रीसाठी सगळ्या मराठवाड्यात गाजलेली. तेथून करोडगिरीच्या नाक्यावर पावती फाडून, मुक्काम करीत करीत ती आमच्या दारी आली तेव्हा तिच्या अंगावर प्रवासाची धूळ इतकी होती, की तिचा रंग कुमैत आहे हे दुसऱ्या दिवशी खराऱ्याखाली कळले. जातीने ती दख्खनी, म्हणजे भीमथडीच्या तट्टांच्या गोतातली. उंची बेताची, छाती रुंद, खूर दगडासारखे टणक, आणि चाल अशी रवाळ, की वडील घोडीवर बसूनच कागद वाचीत. तिचे नाव व्यापाऱ्याने ठेवलेले ‘सगुणा’ असे होते, आणि तेच आम्ही चालू ठेवले.

एवढी गुणी घोडी आमच्यासारख्या पगारदाराला परवडली कशी, याचा उलगडा आजीने पहिल्याच दिवशी, मीठ-मोहऱ्या उतरून टाकताना केला. सगुणेच्या डाव्या डोळ्याखाली एक भोवरा होता. घोड्याच्या अंगावरील केसांच्या भोवऱ्यांचे एक स्वतंत्र शास्त्रच आपल्याकडे आहे. गळ्यावरचा देवमण धन्याला भाग्याचा, चारी पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी राजाच्या पागेत शोभणारा. आणि डोळ्याखालचा तो आसूढाळ, म्हणजे धन्याच्या डोळ्यांना पाणी आणणारा. या एका भोवऱ्यापायी तिची किंमत निम्म्यावर आली होती. वडिलांनी आजीला उत्तर दिले नाही. ते मूळचे हिशेबी, आणि शास्त्राने स्वस्त केलेला माल शास्त्रावर विश्वास नसणाऱ्याने घ्यावा यात त्यांना काहीच गैर दिसत नसावे.

घोडी वडिलांची, म्हणजे पर्यायाने सरकारची, कारण तिच्या दाण्याचा भत्ता पगारात धरलेला होता. पण ती खरी होती मोतद्दाराची. हा मोतद्दार म्हणजे एक वाळलेला, मिताहारी, पहाटे चारला उठणारा गृहस्थ. त्याचे लहानपण हिंगोलीच्या छावणीत गेले होते, बाप तेथल्या रिसाल्यात होता, आणि छावणी मोडल्यावर हे कुटुंब पैनगंगेच्या अलीकडे येऊन राहिले होते. मनुष्यजातीविषयी त्याचे मत फारसे चांगले नव्हते. मला सगुणेवर बसायचे आहे, असे मी त्याला पहिल्यांदा सांगितले तेव्हा त्याने माझ्या हाती खरारा दिला. काही दिवसांनी पुन्हा विचारले तेव्हा लीद उचलण्याची पाटी दिली. मग तोबरा कसा बांधायचा, अगाडी-पिछाडीच्या दोऱ्यांना कोणती गाठ मारायची, हरभरे किती वेळ भिजवायचे आणि घामाने निथळणाऱ्या जनावराला पाणी केव्हा दाखवायचे नाही, हे सारे एकेक करून माझ्या गळी उतरले. थंडीच्या दिवसांत चुलीवरचा चहा सोडून मी आधी ठाणावर यावे, अशी त्याची अपेक्षा असे. “बापू, आंधी तिचं पानी, मंग तुमचा चहा,” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले, की पुढे मुंबईच्या बिऱ्हाडातही चहाचा पहिला घोट घेण्यापूर्वी काही तरी राहून गेल्याचा भास होत असे.

आणि या सेवेच्या ओघात बसण्याची गोष्ट मागेच पडली. नाही म्हणायला नदीवर पाण्याला नेताना मोतद्दार मला तिच्या उघड्या पाठीवर ठेवी, आणि ओल्या पाठीची ती ऊब मांड्यांना लागली, की मी लखुजी जाधवरावांचा कोणी तरी बारगीर होऊन जाई. परंतु ते सुख अल्पकाळचे. खरे वेड होते ते तिच्या सान्निध्याचे. भिजलेल्या हरभऱ्याचा, कडब्याच्या कुटीचा, तेल पाजलेल्या चामड्याचा आणि लिदीचा मिळून ठाणावर एक जो दर्प दरवळत असे, तो मला देवघरातल्या धूप-कापरापेक्षा प्रिय होता, हे आजीच्या कानी पडू नये याची मी दक्षता घेत असे.

आमच्या गावचा नालबंद बाजाराच्या दिवशी वेशीबाहेरच्या लिंबाखाली बसे. सारे त्याला चाचा म्हणत. बैलांना नाल मारायचा तर दोरखंडाने बैल पाडावा लागतो. चार गडी, आरडाओरडा, धूळ, आणि मध्ये डोळे पांढरे करून पडलेला तो नंदीचा वंशज, असे ते दृश्य मला पाहवत नसे. घोडीची गोष्टच निराळी. चाचा तिच्या खांद्याला खांदा लावून उभा राही, हात हळूहळू खाली नेई, आणि घोट्याशी दोन बोटे दाबताच सगुणा आपण होऊन पाय उचलून त्याच्या मांडीवर देई. “बैलाले पाडा लागते, घोडीले इचारा लागते,” असे तो म्हणे. मग जुने खिळे सांडशीने उपटायचे, वाढलेले खूर रापीने तासायचे, नवा नाल ठेवून पाहायचा, वाकवायचा, पुन्हा ठेवायचा. खिळा ठोकताना चाचाचा चेहरा एकाग्र होई, कारण खुराच्या मेलेल्या कवचाच्या आत जिवंत मांस आहे, आणि खिळा केसभर आत गेला तर घोडी कायमची लंगडेल. तो हातोडीचा आवाज ऐकत असे. खिळा निर्जीव शिंगटात चालला असेल तोवर आवाज एक. वाट चुकली तर तो मऊ पडतो. खिळ्याचे टोक खुराच्या बाजूने बाहेर आले, की ते पिरगळून तोडायचे, उरलेले दाबून बसवायचे आणि वरून कानस फिरवायची. हे चालू असता गावची कुत्री अर्धवर्तुळ करून बसलेली असत, आणि खुराची तासणी खाली पडण्याचा अवकाश, की त्यांच्यात मोठा संग्राम होई.

याच चाचाकडे माझा एक सोबती एकदा गंजलेल्या लोखंडाचा चंद्रकोरीसारखा तुकडा घेऊन आला. तो साखरखेर्ड्याच्या शिवारात त्याच्या मामाला नांगरताना सापडला होता. साखरखेर्ड्याला १७२४ मध्ये निजाम-उल्-मुल्काने मुबारीजखानाचा पराभव केला, मुबारीजखान तेथेच पडला, हैदराबादची सत्ता त्या दिवशी उभी राहिली आणि गावाला फत्तेखेर्डा असे नवे नाव मिळाले. तेव्हा हा नाल निजामाच्या स्वतःच्या घोड्याचा नसला तरी निदान एखाद्या मातबर सरदाराच्या घोड्याचा असलाच पाहिजे, असे सोबत्याचे म्हणणे. चाचाने तुकडा हातात घेऊन उलटसुलट केला. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून त्याचा नाल दोन तुकड्यांचा, घोड्याचा अखंड. हा बैलाचा होता, आणि चाचाच्या मते फार तर त्याच्या बापाने ठोकलेला. इतिहाससंशोधनाची ती शाखा तेथेच खुंटली.

बैलांविषयी माझ्या मनात एक सुप्त अढी होती, ती मुख्यत्वे पोळ्यामुळे. श्रावणी अमावास्येला सारा गाव बैलांच्या शिंगांना बेगड लावतो, पाठीवर झुली घालतो, तोरणाखाली उभे करून झडत्या म्हणतो, पुरणपोळी चारतो; आणि त्या दिवशी सगुणा आपल्या ठाणावर नेहमीचीच चंदी खात उभी. तिचा मान दसऱ्याला, पण तोही शस्त्रांच्या, वह्यांच्या आणि वडिलांच्या दप्तराच्या पूजेत वाटला गेलेला: गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला कुंकू, की झाले. एका पोळ्याला घरात मातीचे बैल करीत असता मी त्यांच्या रांगेत एक घोडी करून ठेवली. आजीने ती उचलून वळचणीला ठेवली नाही, फेकूनही दिली नाही. तिच्यापुढे वेगळा नैवेद्य मात्र ठेवला नाही. पांडवांतही माझा ओढा नकुलाकडे होता. विराटाच्या घरी अज्ञातवासात भीमाने पाकशाळा धरली, अर्जुनाने नृत्यशाळा, आणि नकुलाने ग्रंथिक नाव घेऊन अश्वशाळा; तेव्हा त्या वर्षी पाचांत सर्वांत सुखी कोण होता, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. व्यासांनी त्याला दोनचार श्लोकांत आटोपले, ही गोष्ट मी त्यांना अजून माफ केलेली नाही.

दासगणू महाराजांचा ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथ १९३९ मध्ये लिहून झाला आणि थोड्याच काळात आमच्या बाजूला घरोघर वाचला जाऊ लागला. शेगाव आमच्याच जिल्ह्यातले. गजानन महाराजांना पाहिलेली माणसे अजून हयात होती, त्यामुळे त्या एकवीस अध्यायांना पुराणाचे अंतर नव्हते. आजी पारायण करी, मी समोर बसून नवव्या अध्यायाची वाट पाहत असे. टाकळीकर गोविंदबुवा कीर्तनासाठी शेगावी येतात, त्यांचा घोडा महाद्वाड; लाथा झाडतो, चावतो, रात्ररात्र खिंकाळून कोणाला झोपू देत नाही. त्या रात्री एकाएकी सारे शांत होते, बुवा उठून पाहतात, तो महाराज घोड्याच्या चारी पायांच्या मध्ये स्वस्थ निजलेले. भाविकांना यात चमत्कार दिसतो. मला तो दिसला नाही. मला वाटे, मनुष्याला झोपेसाठी याहून चांगली जागा असूच कशी शकेल? एका दुपारी मोतद्दार जेवायला गेल्याची संधी साधून मी सगुणेच्या पोटाखाली कांबळे अंथरले आणि आडवा झालो. वर तिच्या पोटाचे ते विस्तीर्ण छत, आत कोठे तरी चाललेली खोल गुडगुड, चार खांबांसारखे पाय. तिने मान वाकवून मला हुंगले, एक पाय सावकाश बाजूला घेतला, आणि मग, घोडी ही घोडीच असल्याने, निसर्गाच्या हाकेला ओ दिली. कांबळे मी विहिरीवर धुतले. आजीला कारण सांगितले ते वेगळे.

एकदा पावसाळ्याच्या तोंडी तिला पोटशूळ झाला. घोड्याला ओकता येत नाही. बाधलेले पोटातून वर येण्याची वाट सृष्टिकर्त्याने त्याला ठेवलेलीच नाही, म्हणून हा रोग बघता बघता प्राणावर बेततो. सगुणा अंग टाकू पाहत होती, कुशीकडे वळून वळून बघत होती, आणि मोतद्दार तिला खाली बसू देत नव्हता, कारण लोळली की आतडे पिळवटते. हिंग, ओवा, काळे मीठ, गूळ यांचा काढा नळीने पाजला, आणि मग रात्रभर तिला वाड्यासमोरच्या रस्त्यावर चालवीत ठेवले. माझे वडील गावोगावच्या पाटलांना उभे राहायला लावणारे अंमलदार. ते त्या रात्री हातात कंदील घेऊन मोतद्दाराच्या मागे मागे चालत होते, “साहेब, उजेड इकडं धरा,” म्हटले की धरीत होते, आणि मधूनच, कोणी पाहत नाही असे वाटून, तिच्या मानेवर हात ठेवीत होते. तांबडे फुटताना तिने लीद टाकली. तिघांच्याही चर्येवर जे समाधान पसरले, त्याला शोभेलसा शब्द माझ्या संग्रही नाही.

पुढे हायस्कुलात ॲना सेवेल या बाईंची ‘ब्लॅक ब्युटी’ हाती आली. घोड्याने स्वतः सांगितलेली ही आत्मकथा १८७७ मध्ये प्रसिद्ध झाली. लेखिका पायांनी अधू, चालणे जवळपास बंद झालेले, तिचे फिरणे घोडागाडीवरच अवलंबून. आणि पुस्तक निघाल्यावर काही महिन्यांतच, १८७८ मध्ये, ती वारली. मुलांसाठी म्हणून तिने ते लिहिले नव्हते. घोड्यांशी ज्यांचा रोजचा संबंध त्या गाडीवानांनी आणि मोतद्दारांनी ते वाचावे, ही तिची इच्छा. वाचले ते जगभरच्या मुलांनी. त्या पुस्तकाच्या नादाने मी विलायती मुलांच्या घोडेवेडाची आणखी माहिती मिळविली. तिकडे ‘पोनी क्लब’ नावाची संस्था १९२९ पासून आहे, वाढदिवसाला तट्टू भेट मिळते, त्यावर बसून कुंपणे उडवायची, स्पर्धा जिंकायच्या, पट्टे मिळवायचे. मला त्यांचा हेवा वाटला, हे नाकारत नाही. पण थोडा विचार करता तो हेवा ओसरला. तिकडे तट्टू मुलाच्या स्वाधीन होते. आमच्याकडे मूलच तट्टूच्या स्वाधीन केले जाई. सगुणा कधीही माझी नव्हती, तशी होण्याचा संभवही नव्हता; आणि ज्याच्यावर आपला काडीचा हक्क नाही त्याच्यासाठी पहाटे उठण्यात जे स्वातंत्र्य असते ते मालकाला कोठून मिळावे?

दुसऱ्या महायुद्धाने तट्टांना अखेरची मुदतवाढ दिली. पेट्रोलवर नियंत्रण आले, मोटारी कोळशाच्या वायूवर धापा टाकीत चालू लागल्या, आणि अडगळीत पडलेले टांगे पुन्हा रस्त्यावर आले. लढाई संपली तशी ती मुदतही संपली. वडिलांची बदली कायम जागेवर झाली, भत्ता बंद झाला, आणि सगुणा देऊळगावराजाकडच्या एका सधन शेतकऱ्याने विकत घेतली. भोवरा त्याने पाहिला, वडिलांकडे पाहिले, आणि किंमत पाडून मागितली. वडिलांनी ती दिली. आसूढाळ अखेर खरा ठरला, असे आजी त्या संध्याकाळी म्हणाली. मोतद्दार तिच्याबरोबर देऊळगावराजापर्यंत चालत गेला, तिसऱ्या दिवशी परतला, आणि त्यानंतर त्याने आमच्याकडे काम केले नाही. १९५२ च्या २ ऑक्टोबरला सामूहिक विकास योजना सुरू झाली, मागोमाग अंमलदारांना जीपगाड्या आल्या, आणि घोड्यावरून गावात शिरणारा सरकारी मनुष्य हे दृश्य बघता बघता नाहीसे झाले. चाचाचा मुलगा सायकलींची पंक्चरे काढू लागला. जीप वेगवान आहे, सोयीची आहे, तिला पोटशूळ होत नाही. मी काही तिच्याशी भांडण काढणार नाही.

वेड मात्र गेले नाही. गजानन महाराजांची पालखी पंढरपुराहून परतताना सिंदखेडराजा, लोणार करीत मेहकरात येते. टाळकऱ्यांच्या रांगा, पताका, आणि पुढे अश्व. परवा मी रस्त्याच्या कडेला उभा होतो. लोक अश्वाच्या पायाखालची माती कपाळाला लावीत होते, म्हणून मीही वाकलो, आणि वाकलो तो नजर सवयीने खुराकडे गेली. मागच्या उजव्या पायाच्या नालाचा बाहेरचा खिळा वर आला होता. अश्वाला धरून चालणाऱ्या तरुणाला मी ते हळूच सांगितले, आणि त्याचा विश्वास बसेना तेव्हा घोट्याशी दोन बोटे दाबून पाय उचलून दाखविला.

त्याने पायाकडे पाहिले, मग माझ्या धोतराकडे आणि चष्म्याकडे. “काका, तुमी नालबंद हाय काय?”

मी म्हटले, “नाही. पण पुढच्या मुक्कामाला पोचायच्या आधी तो ठोकून घे, आणि ठोकताना आवाज ऐक.”